नोंदींची किल्ली

धरमपेठ, नागपूर

प्रिय,

गेल्या रविवारी तू काटोल तालुक्यातल्या बायकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी मोबाईलवर दाखवल्यास, तेव्हा त्यांतला बारकावा पाहून कौतुक वाटले आणि काळजीही वाटली. कोणत्या बाईच्या डोक्यावर कोणाचे किती कर्ज आहे, नवरा गेल्यावर दिराने जमिनीचे काय केले, मुलीची शाळा कशामुळे सुटली, हे सगळे नावागावासह एका फुकट ॲपमध्ये साठवलेले होते. त्या बायकांनी तुझ्याकडे पाहून मन मोकळे केले. ते ॲप चालवणाऱ्या कंपनीला त्यांनी काहीही सांगितलेले नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोंदी कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात, असतात असे ॲपमध्येच लिहिले आहे, हे तुझे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. बहुतेक सेवांमध्ये मजकूर फोनपासून सर्व्हरपर्यंत जाताना आणि तिथे साठवताना कूटबद्ध होतो खरा, परंतु तो उलगडण्याची किल्ली कंपनीकडेच राहते. हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. पासवर्ड विसरल्याचे कळवल्यावर केवळ ईमेलवर आलेल्या दुव्याने नवा पासवर्ड ठरवता येत असेल आणि जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा दिसत असतील, तर ती किल्ली तुझ्या एकट्याच्या हाती नव्हती, असे समजावे. एव्हरनोट या नोंदी ठेवण्याच्या ॲपचे उदाहरण घे. डिसेंबर २०१६मध्ये त्या कंपनीने जाहीर केले, की मजकुरावरून संगणकाला शिकवण्याचे काम (मशीन लर्निंग) नीट होते आहे ना, हे तपासण्यासाठी काही कर्मचारी वापरकर्त्यांचा मजकूर पाहू शकतील. लोकांनी तीव्र हरकत घेतल्यावर काही दिवसांतच हा बेत मागे घेण्यात आला. पण मजकूर वाचता येणे मुळात शक्य होते, हे त्यातून उघड झालेच. पुढे २०२३च्या अखेरीस त्याच सेवेच्या फुकट खात्यावर ५० नोंदींची मर्यादा आली. नियम ठरवणारा दुसरा असला की असे बदल आपल्याला विचारून होत नाहीत.

कायद्याचा आधार नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, याचा मला अभिमान आहे. तरीही काटोलच्या एखाद्या बाईची गोष्ट तिच्याच गावात पसरली, तर न्यायालयात जाऊन ती परत मिळणार नाही.

आता काय करावे ते सांगतो. नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, लिहीत जा. हा आग्रह मी अनुभवाने धरतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची माझी टिपणे युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेली होती; तो फाँट नव्या संगणकावर नव्हता, त्यामुळे फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. मजकूर माझा, संगणक माझा, आणि तरी मला तो वाचता येईना. ऑब्सिडियन हे नोंदींचे ॲप तुझ्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्याच, फायली ठेवते, त्यामुळे उद्या ते बंद पडले तरी त्या फायली कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडतील. जॉप्लिन हे नोंदींचे दुसरे ॲप मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो, आणि त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे किल्ली फक्त तुझ्याकडेच राहील असे, कूटबद्ध करण्याची सोय आहे. मात्र ती आपण होऊन सुरू करावी लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन संगणकांवर फायली सारख्या ठेवायच्या असतील तर सिंकथिंग हा प्रोग्राम वापर, कारण त्यात मजकूर मधल्या कोणाच्या सर्व्हरवर साठत नाही. लॅपटॉपची संपूर्ण डिस्क कूटबद्ध कर, नाहीतर बर्डीच्या बसमध्ये राहिलेला लॅपटॉप उचलणाऱ्याला लॉगिनचा पासवर्ड माहीत नसला तरी डिस्क काढून सगळे वाचता येईल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही साधनाने होणार नाही, ती तुलाच करावी लागेल: नोंदींमध्ये खरी नावे ठेवू नकोस. प्रत्येक बाईला एक क्रमांक दे आणि क्रमांक व नावे यांची यादी कागदावर, वेगळ्या कुलुपात ठेव. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

किल्ली स्वतःकडे ठेवली की ती हरवण्याची जबाबदारीही स्वतःची होते. पासवर्ड गेला तर कोणतीही कंपनी नोंदी परत देऊ शकणार नाही. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून तो तयार कर, अभंगाची ओळ किंवा म्हण घेऊ नकोस, आणि तो लिहिलेला कागद बंद पाकिटात घरच्या कपाटात ठेव. प्रती मात्र एकाच घरात ठेवू नकोस. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या माझ्या एका स्नेह्यांचा संगणक आणि त्याच टेबलावरची बॅकअपची हार्ड डिस्क एकाच वेळी गेली. दोन्ही प्रती होत्या, पण एका फुटाच्या अंतरावर. तू एक प्रत व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने कूटबद्ध केलेल्या पेन ड्राइव्हवर घेऊन गावी आईकडे ठेव, आणि तीन महिन्यांनी एकदा ती खरोखर उघडते का ते पाहा. न तपासलेल्या प्रतीवर मी विसंबत नाही.

येत्या रविवारी लॅपटॉप आणि दोन नवे पेन ड्राइव्ह घेऊन ये. त्याआधी त्या ॲपमधून सगळ्या नोंदी बाहेर काढ, पण खाते लगेच पुसू नकोस. एकही नोंद राहिली नाही ना, हे आपण दोघे मिळून पाहू आणि मगच तिथला मजकूर काढून टाकू. काटोलच्या नोंदींतली नावे आपण आधी बदलू.

तुझा हितचिंतक