भाची जर्मन घरात रुळत नाहीये, मी मध्ये पडू का?

प्रश्न: माझी २२ वर्षांची भाची चार महिन्यांपूर्वी वर्षभरासाठी ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका घरात राहून हातखर्चावर मुलं सांभाळायला, जर्मनीत आली. म्युन्स्टरजवळ एका जर्मन कुटुंबात राहते, त्यांची दोन लहान मुलं सांभाळते. आम्ही स्टुटगार्टला असतो. रोज रात्री रडत फोन करते. संध्याकाळी थंड ब्रेड-चीज खाऊन झोपते, घरातली बाई म्हणते ‘तू सारखी खोलीतच असतेस’, आणि काम मात्र वाढत चाललंय. मी त्या बाईंशी बोलू का? की सरळ तिला आमच्याकडे आणून ठेवू?

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. नाही. तिचा परवाना ओ-पेअर म्हणून यजमान कुटुंबात राहण्यासाठीच दिलेला आहे. नातेवाइकांकडे ओ-पेअर होता येत नाही, आणि घरात जर्मन बोललं जात नसेल तर ते घर नियमातच बसत नाही. सुट्टीच्या दिवशी तिला जरूर बोलवा, पण बाडबिस्तरा घेऊन नको.

फोनही तुम्ही करू नका. त्या बाईंच्या लेखी तुमची भाची सज्ञान आहे आणि करारावर सही तिनेच केलीय. मावशीचा फोन आला की ‘आमची तक्रार बाहेर केली, आम्हाला एक शब्द बोलली नाही’ एवढंच त्यांच्या मनात राहील, आणि पुढचे आठ महिने त्या घरात काढायचे आहेत ते भाचीला.

खरी अडचण कामाच्या तासांची दिसते. ओ-पेअरला मुलांची देखभाल आणि हलकं घरकाम मिळून आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला ६ तास. आईवडील रात्री बाहेर गेले आणि ती झोपलेल्या मुलांपाशी थांबली, तर तेही यातच धरायचं. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार सुट्टीचा. महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या क्लाससाठी ७० युरो. हे कुणाच्या मेहेरबानीवर नाही. पण माझा अंदाज असा, की ‘आज जरा सहापर्यंत थांबशील?’ असं विचारलं की आपली मुलगी लगेच ‘हो’ म्हणत असणार. आपल्याकडे मोठ्यांनी विचारलं की नाही म्हणवत नाही, आणि समोरच्यानेच चेहरा बघून ओळखावं अशी अपेक्षा असते. तिथे विचारलेला प्रश्न खरोखरच प्रश्न असतो. ‘आज नाही जमणार, माझा क्लास आहे’ असं म्हटलं तर बहुतेक घरांत दुसरी सोय बघतात, राग धरत नाहीत. चार महिने रोज हो ऐकलेल्या माणसाला तिला त्रास होतोय हे कळणार तरी कसं?

तेव्हा तिला सांगा, दोन आठवडे वहीत तास लिही: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय काम. मग नवरा-बायको दोघांकडे अर्धा तास मागून घे. मुलं उठवण्याच्या घाईत, बूट घालता घालता हा विषय काढायचा नाही. वही समोर ठेवायची आणि म्हणायचं, ‘इतके तास होताहेत, करारात ३० आहेत, पुढच्या आठवड्यापासून कसं करूया?’ रडगाणं नको, आरोपही नको. जर्मन अडखळत असेल तर आधी लिहून काढून वाचलं तरी चालेल. दर आठवड्याचं वेळापत्रक फ्रिजवर लागलं की निम्मी कुरबुर थांबते.

जेवणाचं म्हणाल तर संध्याकाळी ब्रेड-चीज खाणं ही तिथली साधी रीत आहे, पोरीला उपाशी ठेवण्याचा डाव नव्हे. मात्र गरम जेवल्याशिवाय झोप येत नसेल तर स्वयंपाकघर वापरू का, हे तिनेच विचारायला हवं. एखाद्या दिवशी सगळ्यांसाठी वरणभात करावा. फोडणीआधी खिडकी उघडावी, धुराचा अलार्म कोकलला तरी घाबरू नये.

आता थोडं तुमच्याबद्दल. मुलं झोपल्यावर घरातली मोठी माणसं जरा टेकतात, गप्पा मारतात, ती वेळ ही मुलगी दार लावून तुमच्याशी आणि बहुधा तुमच्या बहिणीशीही फोनवर असते. ‘सारखी खोलीतच असतेस’ हा टोमणा नसेलही, ‘आमच्यात येऊन बस ना’ असंही ते असेल. रोजचा फोन आठवड्यातून दोनदावर आणा. पहिले काही दिवस तुम्हालाच जड जाईल. आईला यातलं किती सांगायचं ते भाचीला ठरवू द्या. तुमच्याकडून घाबऱ्या घाबऱ्या निरोप गेला तर तिकडून रोज दहा फोन सुरू होतील.

हे सगळं घर मुळात सरळ आहे असं धरून. पासपोर्ट काढून घेतला, क्लासला जाऊ देत नाहीत, हातखर्च थकवलाय, घरातल्या आजारी म्हाताऱ्याची शुश्रूषा तिच्या गळ्यात मारलीय, तर मात्र समजूत घालत बसू नका. एजन्सीमार्फत आली असेल तर एजन्सीला लगेच लेखी कळवायचं. अंगचटीला येण्याचा किंवा धमकीचा प्रकार असेल तर ११६ ०१६ ही महिलांची हेल्पलाइन चोवीस तास, अनेक भाषांत आणि मोफत आहे. तातडीचं असेल तर पोलिसांचा ११०.

कुटुंब बदलता येतं. करारात नोटिशीची मुदत दिलेली असते ती बघा, नवं घर शोधा आणि फॉरेनर्स ऑफिसला आधी कळवा, कारण परवान्यात बदल तेच करतात. वर्ष मात्र नव्याने मोजलं जात नाही, गेलेले चार महिने त्यातच धरले जातात. दोन घरांच्या मधले काही दिवस तिला तुमच्याकडे काढायचे असतील, तर तेही त्याच ऑफिसला विचारून घ्या.