नेव्ह म्हणजे सभामंडप, पण चॅन्सेल म्हणजे गाभारा का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या हेरफर्डशर काउंटीतल्या किलपेक गावच्या जुन्या पॅरिश चर्चची माहिती मराठीत लिहायची आहे. नेव्ह, चॅन्सेल, आइल, लिचगेट, पॅरिश हे शब्द अडले आहेत. नेव्हला सभामंडप, चॅन्सेलला गाभारा आणि टॉवरला शिखर म्हटलं तर चालेल का?

सभामंडप चालेल. गाभारा जपून वापरा. शिखर मात्र नको.

किलपेकचं चर्च ११४० च्या आसपासचं, तांबूस वालुकाश्मात बांधलेलं. एका रेषेत तीन दालनं आहेत: पश्चिमेला सगळ्यात मोठं नेव्ह, मग चॅन्सेल आणि पूर्वेच्या टोकाला अर्धगोल ॲप्स. हा आराखडा पाहिला की मराठी माणसाला देवळातला सभामंडप, अंतराळ (म्हणजे सभामंडप आणि गाभारा यांच्यामधली छोटी जागा) आणि गाभारा आठवणारच. पण दिशा ताडून पाहा. आपण देऊळ पूर्वाभिमुख म्हणतो तेव्हा दार पूर्वेला असतं आणि देव पश्चिमेच्या टोकाला बसून पूर्वेकडे बघतो. इंग्लंडच्या चर्चमध्ये वेदी पूर्वेच्या टोकाला असते, लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात आणि दार बहुधा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीत असतं. किलपेकचं प्रसिद्ध कोरीव दारही दक्षिणेलाच आहे. म्हणून अशा चर्चला ‘पूर्वाभिमुख’ म्हटलंत की वाचक दार चुकीच्या बाजूला शोधेल. ‘वेदी पूर्वेला’ असं सरळ लिहावं.

नेव्ह ही लोकांची जागा. मध्ययुगात बाकं फारशी नव्हती, लोक उभे राहत किंवा भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकत. गावाच्या बैठका आणि कधी मेजवान्याही इथंच होत. सभामंडपाचा वापर आपल्याकडे असाच असल्यामुळे हा शब्द नुसता आकारानं नाही, कामानंही जुळतो. नेव्ह आला लॅटिन ‘नाविस’वरून, म्हणजे जहाज. आपली ‘नाव’ आणि संस्कृत ‘नौ’ त्याच घराण्यातली. इथं एक खड्डा आहे. इंग्रजीत नेव्ह हा दुसराही शब्द आहे, चाकाचा तुंबा. स्पेलिंग तेच, पण त्याचं नातं संस्कृत ‘नाभि’शी. शब्दकोशात नेव्हपुढे तुंबा दिसला, तर तो बैलगाडीचा समजा.

चॅन्सेलचा इतिहास आणखी मजेदार आहे. लॅटिन ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळी. लोकांची जागा आणि पाद्र्यांची जागा यांच्यामध्ये जाळीदार आडोसा असे, त्यावरून आतल्या भागाला चॅन्सेल नाव पडलं. न्यायालयाच्या जाळीपाशी बसणारा तो चॅन्सेलर, ज्याला आपण विद्यापीठात कुलपती म्हणतो. आणि लिहिलेल्या ओळीवर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारणं म्हणजे कॅन्सल. तिकीट कॅन्सल करताना आपण याच जाळीला हात लावत असतो. इंग्लंडमध्ये या आडोशाला रूड स्क्रीन म्हणत, कारण त्याच्या वरच्या बाजूला मोठा क्रूस असे आणि ‘रूड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत क्रूस. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत ते क्रूस आणि आडोशावरचे सज्जे काढले गेले. त्या सज्ज्यावर जाण्यासाठी भिंतीच्या जाडीत काढलेले अरुंद जिने मात्र बऱ्याच ठिकाणी राहिले. आज ते चढून गेलं की पुढे काहीच नसतं.

मग गाभारा का नको? गाभाऱ्यात मूर्ती असते आणि पुजाऱ्याखेरीज सहसा कोणी जात नाही. चॅन्सेलमध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना नसते. तिथं पाद्री बसतात, पुष्कळ चर्चमध्ये गायकवृंदही बसतो आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा प्रसाद, घ्यायला लोक वेदीच्या कठड्यापर्यंत जातात. मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात ‘वेदी’ रुळलेला शब्द आहे, तेव्हा चॅन्सेलला ‘वेदीदालन’ म्हणावं. ॲप्सला ‘चापाकार टोक’ म्हणता येईल. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या मागच्या टोकालाही तो शब्द बसतो. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकातला वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनने कार्ल्याचं वर्णन करताना नेव्ह, आइल, ॲप्स हेच चर्चचे शब्द वापरले होते.

नेव्ह आणि चॅन्सेल यांना वेगवेगळे शब्द हवेतच, कारण त्यांचा खर्चही वेगळा होता. जुन्या रिवाजाप्रमाणे चॅन्सेलची दुरुस्ती रेक्टरकडे, म्हणजे गावाचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) ज्याच्याकडे जाई त्याच्याकडे, आणि नेव्हची गावकऱ्यांकडे. लोकरीच्या व्यापारावर गाव श्रीमंत झालं की गावकरी नेव्ह उंच आणि प्रशस्त करून घेत, चॅन्सेल तसंच बुटकं राहून जाई. एकाच चर्चची दोन छपरं दोन उंचीची का, याचं उत्तर पुष्कळदा इथं सापडतं. चॅन्सेलच्या दुरुस्तीची जबाबदारी रेक्टरच्या जमिनीबरोबर पुढच्या मालकांकडे येत राहिली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्टलोच्या खटल्यात २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती जमीनमालकांवर कायम ठेवली. रेक्टरच्या वतीनं प्रत्यक्ष काम बघणारा तो व्हिकर. हा शब्द लॅटिन ‘व्हिकारियस’वरून आला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. मराठेशाहीतला ‘मुतालिक’ अगदी हाच.

आइल किलपेकला नाहीच, त्यामुळे तिथल्या वर्णनात तो शब्द आला असेल तर मूळ मजकूर पुन्हा तपासा. विमानात दोन रांगांमधली वाट म्हणजे आइल, हा अर्थ नंतरचा. चर्चचं आइल म्हणजे नेव्हच्या बाजूला खांब-कमानींच्या पलीकडे असलेलं लांबट दालन. मूळ लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. स्पेलिंगमधला एस बेटाच्या ‘आइल’शी गल्लत होऊन घुसला. मराठीत ‘पक्ष’चा अर्थ पंख, आणि त्याचीच झाली छपराची ‘पाख’. म्हणून आइलला मी ‘पाख’ सुचवेन, पहिल्यांदा वापरताना ‘बाजूचं दालन’ असा खुलासा करून. वस्ती वाढली की पाख काढली जाई, घराला पडवी काढतात तशी. नेव्हची जुनी भिंत पाडत नसत, तिच्यातच कमानी फोडत. कमानींच्या वर निम्मीच उरलेली एखादी जुनी खिडकी दिसली, तर ती भिंत पाखेच्या आधीची आहे हे ओळखावं.

शिखर नको, कारण ते गाभाऱ्यावर असतं. इंग्लंडच्या गावातल्या चर्चचा टॉवर बहुधा पश्चिमेच्या टोकाला, वेदीपासून सगळ्यात दूर, आणि त्याचं मुख्य काम घंटा टांगण्याचं. ‘मनोरा’ किंवा ‘घंटामनोरा’ म्हणा. त्यावरचा निमुळता भाग, म्हणजे स्पायर, तो ‘सुळका’. किलपेकला मनोराही नाही. पश्चिमेच्या भिंतीच्या टोकावर घंटेपुरती छोटी कमान आहे.

लिचगेटला मराठीत आयता शब्द आहे. ‘लिच’ म्हणजे जुन्या इंग्रजीत देह, प्रेत. चर्चच्या आवाराच्या वेशीवर छप्पर असलेलं हे दार. शवपेटी तिथं टेकवून पाद्र्याची वाट बघत. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर तिरडी टेकवतात ती जागा म्हणजे ‘विसावा’. लिचगेटला ‘विसाव्याचं दार’ म्हणा, वाचकाला लगेच कळेल.

राहता राहिलं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. वसईच्या ख्रिस्ती मराठीत त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, गोव्याच्या कोकणीत ‘फिर्गज’. धर्मग्राम चांगला शब्द आहे, पण इंग्लंडमधलं पॅरिश नुसतं धर्माचं नव्हतं. १५३८ पासून बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी तिथं होऊ लागल्या, १६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर पडली. १८९४ पासूनची पॅरिश कौन्सिल ही तर चर्चपासून वेगळी, आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था. तिला ‘धर्मग्राम मंडळ’ म्हटलं तर अर्थच बदलेल. चर्चसंबंधी असेल तिथं धर्मग्राम, कारभारासंबंधी असेल तिथं पॅरिश तसंच ठेवावं.

तुमचं पहिलं वाक्य असं लिहिता येईल: ‘किलपेक धर्मग्रामाचं हे चर्च ११४० च्या सुमाराचं असून सभामंडप, वेदीदालन आणि पूर्वेचं चापाकार टोक अशी त्याची तीन दालनं एका रेषेत आहेत. वळचणीखाली प्राणी आणि माणसांचे चेहरे कोरलेले दगड ओळीनं बसवले आहेत.’ या दगडांना इंग्रजीत कॉर्बेल म्हणतात, मराठीत ‘वळचणीखालचे कोरीव दगड’ पुरेसं आहे.