दहा मिनिटांत संपणारा बाजार

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. ‘शेतकरी बाजार दहा मिनिटांत बघून झाला, आता तिथे परत कशाला जायचं?’ असं तू लिहिलंस. लहान गावातला बाजार असतोच तेवढा. एक मोकळं मैदान, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके विक्रेते आणि डोक्यावर ऊन. नुसतं बघायला गेलं की कंटाळा येणारच. चार वस्तू नीट निवडायच्या आणि चार माणसांशी बोलायचं असं ठरवून गेलं, तर मात्र तासभरही पुरत नाही.

पहिली फेरी काही न घेता मार. एकच भाजी तीन ठिकाणी दिसली तर तिघांचा माल डोळ्यांनी ताडून बघ. आणि यादी घरीच ठेव. स्वयंपाक आधी ठरवून गेलं की नजर तेवढंच शोधत राहते, आणि नेमकं तेच त्या दिवशी बरं आलेलं नसतं.

विक्रेत्याला ‘आज काय चांगलं आहे?’ असं विचारू नकोस. ‘सगळंच’ याखेरीज तो बिचारा दुसरं काय सांगणार? ‘हे कधी तोडलं?’ असं विचार. ज्याने स्वतः पिकवलंय तो पहाटे की काल संध्याकाळी ते पटकन सांगतो आणि मग न विचारताही पाणी, कीड, वाण यांवर बोलत सुटतो. दुसऱ्याचा माल आणून विकणारा जरा घुटमळतो. घुटमळला म्हणून माल वाईट असं मुळीच नाही, फक्त जरा पारखून घ्यावा. गर्दीच्या वेळी मात्र हे करू नकोस. मागे गिऱ्हाइकं खोळंबली असताना वाणाचा इतिहास विचारणारा माणूस कुणालाच नको असतो.

आता निवडण्याचं बघू. जाळीदार सालीचं खरबूज हातात घे आणि देठाची जागा बघ. फळ वेलीवर पुरतं पिकलं की देठ आपसूक सुटतो आणि मागे गुळगुळीत, किंचित खोलगट गोल खूण राहते. देठाचा तुकडा फळालाच चिकटलेला असेल, तर ते आधीच कापून काढलंय. मग फळ उलटं करून दुसऱ्या टोकाचा वास घे. देठ आणि वास दोन्ही जुळले, तर टिचक्या मारत बसायची गरज नाही. एवढी पारख कशासाठी, तर कच्चं तोडलेलं खरबूज घरी ठेवल्यावर मऊ होतं, त्याचा वासही वाढतो, पण गोडी वाढत नाही. साखरेत बदलायला लागतं ते पिष्ट त्याच्यात साठलेलंच नसतं. कलिंगडाचंही तेच, फक्त त्याची खूण वेगळी. जमिनीला टेकलेला डाग पांढरट असेल तर ठेवून दे, लोण्यासारखा पिवळा असेल तर उचल.

मक्याची गोष्ट घाईची आहे. गोड मक्यातली साखर तोडणीनंतर पिष्टात बदलू लागते, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत जुन्या वाणांची निम्मी गोडी एका दिवसात जाऊ शकते. नवे जास्त गोड वाण जास्त दिवस टिकतात. तरी कणीस त्याच दिवशी खावं. पारखण्यासाठी ते सोलू नकोस, सोललेलं कणीस मागे कोणी घेत नाही. टोकाकडे वरूनच दाबून बघ, दाणे भरलेले असतील तर बोटांना कळतं.

‘सकाळी लवकर जा’ असं सगळेच सांगतात. पालेभाजीपुरतं ते अगदी खरं आहे. पहाटे पानांत पाणी भरलेलं असतं, आणि खुडल्यावर मुळांकडून येणारं पाणी बंद होऊन ती उन्हात मलूल होतात. थोडी मलूल जुडी घेतलीसच तर देठांची टोकं कापून अर्धा तास गार पाण्यात ठेव, बरीचशी पानं ताठ होतात. गप्पा मारायच्या असतील तर मात्र गर्दी ओसरल्यावर जा. काही झालं तरी बाजार हे त्या दिवसाचं शेवटचं काम ठेव. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात ५० अंशांच्या आसपास उष्णता होते, आणि एवढ्या प्रेमाने निवडलेलं सगळं तिथे शिजतं.

टोमॅटोबद्दल मी जरा हट्टी आहे. ऐन उन्हाळ्यात त्याच्या देठाकडच्या भागावर पिवळट छटा दिसली तर लगेच नाक मुरडू नकोस. ३० अंशांच्या वर गेलं की लाल रंग नीट तयार होत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. देठाभोवती तडे गेलेला टोमॅटोही घ्यावा, फक्त तो आजच खायचा. आणि घरी आल्यावर टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नकोस. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो आठवडाभर ५ अंशांत ठेवून पाहिले. साखर आणि आंबटपणा होता तसाच राहिला, पण चवीला कारण असलेली सुगंधी द्रव्यं बरीच घटली, आणि फळं बाहेर काढून दिवसभर ठेवल्यावरही ती पूर्ववत झाली नाहीत. म्हणून टोमॅटो देठाची बाजू खाली करून ओट्यावरच ठेव. अगदी मऊ पडला आणि आज खाणं होणार नसेल, तर मग फ्रिज चालेल. तुळशीच्या जातीची पानंही थंडीत काळी पडतात, ती पाण्याच्या पेल्यात उभी ठेव. गाजर-मुळ्याचा पाला मात्र घरी येताच कापून टाक, तो कंदातलं पाणी ओढत राहतो.

दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच घे. इतकुश्या खरेदीवर घासाघीस करणं मला पटत नाही. पण बाजार उठायच्या वेळी पिकून मऊ झालेला टोमॅटो एकगठ्ठा घेणार असशील, तर भाव खुशाल विचार. उरलेला माल परत न्यायला विक्रेत्यालाही नको असतो, आणि तुझा रस्सा चांगला होतो.

दर खेपेला त्याच दोन-तीन विक्रेत्यांकडे जात जा. मोठ्या बाजारात हे जमत नाही, लहान बाजारात महिनाभरात लोक ओळखू लागतात. मग ‘हे आज नको, पुढच्या आठवड्यात ये’ असंही सांगतात. कोणी तसं सांगितलं तर ते ऐक, आणि पुढच्या आठवड्यात खरंच जा.

पुढच्या पत्रात फोटो नकोत. खरबूज कसं निवडलंस आणि कापल्यावर ते कसं निघालं, तेवढं लिही.

तुझा,
एक जुना गिऱ्हाईक