प्लेथोराला मराठीत काय म्हणायचं?

प्रिय चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "बाबा, प्लेथोराला आपण मराठीत काय म्हणतो?" मी डोळे मिटूनच 'भरपूर' म्हणालो आणि सुटलो. सकाळी उठल्यावर ते उत्तर टोचायला लागलं, म्हणून हे पत्र.

प्लेथोरा हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ भरलेपण, पण तो वाढला वैद्यांच्या हाताखाली. अंगात रक्त प्रमाणाबाहेर साठलं की माणूस आजारी पडतो, असं त्यांना वाटे, आणि त्या अवस्थेला ते हा शब्द वापरत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गॅलेन हा त्यातला मोठा वैद्य. उपाय काय, तर शीर उघडून रक्त वाहू द्यायचं! इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकात आला तोही आजाराचं नाव म्हणूनच. बाकी गोष्टींच्या अतिरेकाला तो नंतर लागू झाला. आजही रुग्णाचा चेहरा रक्त साठून लालबुंद दिसला तर डॉक्टर त्याला 'प्लेथोरिक' म्हणतात.

म्हणजे या शब्दाच्या पोटात 'नको इतकं' दडलेलं आहे. हल्ली लोक तो नुसत्या 'पुष्कळ'साठीही सर्रास वापरतात, पण 'माझ्याकडे मैत्रिणींचा प्लेथोरा आहे' हे तुझ्या निबंधातलं वाक्य वाचून एखादा चोखंदळ वाचक विचारेल, का गं, कंटाळलीस का त्यांना?

आता मराठी. इथे गंमत अशी की मराठी तुला आधी विचारते, ते जास्तीचं तुला हवंय की नकोय? हवं असेल तर रेलचेल, चंगळ, सुकाळ. नको असेल तर सुळसुळाट. पुस्तकांची रेलचेल असते आणि झुरळांचा सुळसुळाट. उलट करून बघ, हसू येईल. कुणी न मागता शिकवायला लागलं तर 'सल्ल्यांचं पीक आलंय' म्हणायचं. आणि शब्दच सापडला नाही तर शेवटी एक 'च' चिकटवायचा. 'खूप बोलतेस' हे कौतुकही असू शकतं, 'खूपच बोलतेस' म्हटल्यावर मात्र गप्प बसावं. (हा 'खूप' फारसीतल्या 'खूब'वरून आला. तिकडे त्याचा अर्थ छान, सुंदर. आपण त्याला मोजायच्या कामाला लावलं.)

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आजी फोनवर तुझं तेच तेच गाणं ऐकून "पुरे आता!" म्हणते ना, तो 'पुरे' या प्लेथोराचा लांबचा भाऊ आहे. भरणं या अर्थाचं एक फार जुनं मूळ आहे. त्यातून संस्कृतात पूर्ण आणि पूर आले, मराठीत पुरणं, पुरेसं, पुरवठा. त्याच मुळातून ग्रीकमध्ये प्लेथोरा, लॅटिनमार्गे इंग्रजीत प्लेंटी आणि सप्लाय, आणि इंग्रजीचा स्वतःचा फुल. तिथे 'प'चा 'फ' झाला, जसा पित्याचा फादर आणि पादाचा फूट. सप्लायला आपण पुरवठा म्हणतो तेव्हा एका भावाची दुसऱ्याशी ओळख करून देत असतो, आणि आपल्याला ते ठाऊकही नसतं.

एकाच मुळाचा एक शब्द सांगतो 'आता थांब' आणि दुसरा सांगतो 'थांबायला हवं होतं, थांबला नाहीत'. नदीचा पूरही त्यातलाच.

तर निबंधातलं ते वाक्य मी खोडत नाही. मैत्रिणी हव्याशा आहेत की डोईजड झाल्यात, ते तू ठरव, मग शब्द शोधू. आणि हो, उच्चारताना जोर 'प्ले'वर द्यायचा, 'थो'वर नाही.

तुझा,
बाबा