शिक्क्यामागची सुरी

प्रश्न : मांसावर तपासणीचा शिक्का असतो म्हणतात. पण जनावर कापल्यावर पशुवैद्य त्यात पाहतात तरी काय? मेल्यावर डॉक्टर कशाला?

उत्तर : अहो, आमचं काम ते जिवंत असतानाच सुरू होतं! चालतं कसं, धाप लागते का, लाळ गळते का, हे मी उभ्या जनावरात बघते. तापलेलं जनावर बाजूला. काळपुळीचा (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा जीवघेणा रोग) संशय आला, तर ते कापायचंच नाही. शरीर उघडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.

मग सुरी. गुरांच्या गालाच्या स्नायूला काप द्यायचा, हृदय उघडायचं. पट्टकृमीच्या (आतड्यातला फितीसारखा जंत) अळीचे पाणीदार फोड तिथे हमखास शोधायचे. फुप्फुसाजवळच्या लसिकाग्रंथी (रोगजंतू अडवणाऱ्या छोट्या गाठी) चिरताना पिवळट, भुगा होणारा, सुरीखाली वाळूसारखा करकरणारा भाग लागला, की क्षयाचा संशय. रोगट भागाला लागलेली सुरी ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढे वापरायची नाही. (घाईत हेच आधी सुटतं, म्हणून मी सारखी ओरडत असते.)

मात्र साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू डोळ्यांना दिसत नाही, अँटिबायोटिकचे अंशही नाहीत. त्यासाठी नमुने प्रयोगशाळेत जातात. औषधानंतर किती दिवस जनावर कापायचं नाही, हे ठरलेलं असतं. पाळणाऱ्यानंच ते धाब्यावर बसवलं तर माझी सुरी काय करणार? तेव्हा शिक्का असला तरी मांस आतपर्यंत शिजवा आणि कच्च्या मांसाची सुरी न धुता काकडीला लावू नका.