काठ झाडून काढू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तिळारी नदीकाठच्या तुमच्या जैवविविधता समितीने पहिल्याच बैठकीत ‘उदांसाठी’, म्हणजे पाणमांजरांसाठी, ‘काठ साफ करू’ असं ठरवल्याचं वाचलं आणि माझीच चूक आठवली. तरुणपणी आम्हीही पुरात आलेले ओंडके जाळले, करंजाखालची झुडपं तासली, ओळीत रोपं लावली, वर फोटोही काढले. त्या थंडीत खडकावर उदांची विष्ठा दिसली नाही. पुढच्या थंडीतही नाही. आम्ही ज्याला कचरा म्हटलं, तोच त्यांचा आडोसा होता.

म्हणून आधी कोयता बाजूला ठेव. महिनाभर सकाळी नुसती काठाने चाल. सपाट खडक, वाळूचे उंचवटे, वहाळ नदीला मिळतो ती जागा बघ. विष्ठा सापडली की काडीने फोड. चकाकते खवले भरलेले असतील तर बहुधा मऊ केसांचं मोठं पाणमांजर, नदीच्या पात्रात कळपाने फिरणारं. खेकड्याच्या कवचाचा चुरा असेल तर लहान नखांचं, वर डोंगरवहाळांत रमणारं. ताजी असेल तर माशाचा असा वास येतो की विचारू नकोस!

2020 मध्ये जाहीर झालेलं 29.53 चौरस किलोमीटरचं तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र आहे खरं, पण ऊद काही हद्दीचे दगड वाचत नाही. पुढे हेच पाणी गोव्यात शापोरा होतं. वाटेतला बराच काठ केळी-पोफळीवाल्यांचा. त्यांना उदाचं कौतुक सांगत बसू नकोस, मातीचं सांग. पाण्यालगत दहा-पंधरा पावलं शेरणी, केवडा, करंज, जांभूळ राहू दिले तर पुरात बाग कमी खचते. बिळं त्याच मुळांखाली असतात. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, झालं की खणायला माती उरत नाही, तेवढं मात्र ग्रामसभेत अडव.

खरी कसोटी एप्रिल-मेची. नदी आटून कोंडांपुरती, म्हणजे खोल डोहांपुरती उरते, आणि एका रात्री कुणी ब्लीचिंग पावडर टाकली वा जिलेटिन फोडलं की त्या कोंडातलं सगळंच संपतं. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कुणी जाळं टाकत नाही. तुमच्या गावानेही एखादा कोंड असा सोडावा, पण कोणता ते मासे धरणाऱ्यांना ठरवू दे. उदाने जाळं फाडलं की ते चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. कायद्याचं संरक्षण आहे म्हणून जाळं कुणी शिवून देत नाही. आधी त्यांची तक्रार ऐकून घे.

बीळ सापडलं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. खडकांचा नकाशा वहीत काढ, आणि पेन्सिलीनेच. पावसाळ्यानंतर निम्म्या खुणा खोडाव्या लागतील.

तुझा,
काका