पेनवाला फोन दोन-तीन वर्षे वापरल्यावर : वाचकांचे प्रश्न

पेन असलेला महागडा फोन हाताळून दोन-तीन वर्षे झालेल्या वाचकांची पत्रे बरीच साठली होती. बहुतेकांकडे सॅमसंगचा गॅलेक्सी अल्ट्रा आहे. सॅमसंगची पेनवाल्या फोनांची नोट मालिका २०२० च्या नोट २० नंतर थांबली आणि २०२२ च्या एस २२ अल्ट्रापासून पेन पुन्हा फोनच्या पोटात आले. त्यामुळे उत्तरे याच फोनांना धरून देतो.

फोंड्याचे एक व्यापारी : एस २३ अल्ट्रा आहे. हल्ली स्क्रीनच्या मधल्या पट्ट्यात पेन उमटतच नाही, बोट मात्र नीट चालते. दुरुस्तीवाला डिस्प्ले बदलायला सांगतो.

थांबा, आधी कव्हर काढा. तुमच्या कव्हरला मागे गाडीच्या होल्डरसाठी चुंबकाची कडी किंवा पाकिटासारखी चुंबकी झडप असणार, असा माझा दाट संशय आहे.

कारण असे की हे पेन बोटासारखे स्पर्शावर चालत नाही. डिस्प्लेच्या खाली एक पातळ थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र सोडतो. पेनच्या टोकाजवळची तारेची गुंडाळी त्याला प्रतिसाद देते आणि त्यावरून फोनला पेनची जागा कळते. म्हणूनच लिहिण्यासाठी पेनला बॅटरी लागत नाही. आता त्या थरामागे कायमचा चुंबक चिकटवला की तेवढ्या भागात सगळा गोंधळ होतो. बोटाचा थर वेगळा, त्यामुळे बोट चालत राहते.

खात्री करून घ्यायची तर कव्हर लावलेलेच ठेवून सॅमसंग नोट्स या ॲपमध्ये कोरे पान उघडा आणि वरपासून खालपर्यंत अगदी सावकाश आडव्या रेघा ओढा, बोटभर अंतराने. चुंबक असेल तिथे रेघ तुटते किंवा कमानीसारखी वाकते. सगळ्या तुटक जागा जोडल्या की बहुधा पाठीमागच्या कडीचाच आकार दिसतो. कव्हर काढून तेच पुन्हा करा. रेघा सरळ आल्या तर हजारो रुपये वाचले. उघड्या फोनवरही तुटल्या तर मात्र फोन अधिकृत सेवा केंद्रात दाखवा. डिस्प्ले पूर्वी कधी बाहेर बदलला असेल तर तेही तिथे सांगा, कारण पेनचा थर नसलेले किंवा नीट न जोडलेले डिस्प्ले बाजारात बसवून मिळतात.

काणकोणहून, पर्यटकांच्या बोटीवर काम करणारे वाचक : पावसात आणि खाऱ्या पाण्यात हा फोन किती टिकेल? पेनच्या खाचेतून पाणी आत जाईल का?

खाच बंद नळीसारखी असते, तिच्यातून फोनच्या आत वाट नाही. पेनही पाणी सोसते. पण आयपी ६८ या पाणी-धूळ रोखण्याच्या श्रेणीचा अर्थ नीट समजून घ्या : गोड्या पाण्यात दीड मीटरपर्यंत, अर्धा तास, आणि तेही नव्या, न पडलेल्या फोनसाठी. समुद्राचे पाणी यात बसत नाही. फोन एकदा आपटला, कडेला बारीक फट पडली, की ती हमी मनातून काढून टाका.

खारे पाणी उडालेच तर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, पेन काढून खाच खाली करून निथळू द्या आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. फोन थेंबाची खूण दाखवून चार्जिंग अडवत असेल तर ती खूण बंद करण्याच्या फंदात पडू नका. ओल्या सी-टाइप पिनांमध्ये वीज गेली की त्या काळवंडतात.

पाण्यापेक्षा मला तुमच्याकडच्या वाळूची जास्त काळजी वाटते. पेनच्या टोकाला चिकटलेला एक कण काचेवर कायमची रेघ ओढतो. किनाऱ्यावर पेन काढूच नये, काढलेच तर पुसूनच आत घालावे. महिन्यातून एकदा टोक टॉर्चखाली धरून बघा. नवे टोक गोल असते, वर्षा-दोन वर्षांत एका बाजूने चपटे होते, मग घासल्यासारखा आवाज येऊ लागतो. टोक वेगळे मिळते, चिमट्याने ओढून बदलता येते.

आणि पावसाचा एक फायदाही सांगतो. भर आषाढात ओल्या स्क्रीनवर बोट भलतीकडेच लागते, पेन मात्र बरोबर जागा पकडते. भिजत्या जेटीवर प्रवाशांची यादी भरायची असेल तर पेनच काढा.

पेडण्याचे एक हौशी दिग्दर्शक : गावच्या उत्सवात नाटक बसवतो. संहितेवर खुणा करायला हा फोन खरंच उपयोगी पडेल, की चार दिवसांची हौस ठरेल?

तुमच्यासारख्यांसाठीच हा फोन आहे, असे मी ठामपणे म्हणेन. ज्याच्या रोजच्या कामात आयत्या मजकुरावर हाताने काही लिहायचे असते त्याचे पेन वर्षानुवर्षे चालते. बाकीच्यांचे महिनाभरात खाचेत जाऊन बसते.

संहितेची पीडीएफ सॅमसंग नोट्समध्ये घ्या. हालचाली एका रंगात, प्रकाशयोजना दुसऱ्या, कापलेली वाक्ये तिसऱ्या. तालमीला मात्र याहून मोठी सोय म्हणजे आवाज मुद्रित करता करता लिहिणे. त्या वेळी केलेल्या खुणेवर नंतर टिचकी मारली की ती लिहिताना तालमीत काय बोलले जात होते तेच ऐकू येते. नायिकेचे वाक्य कुठे पडले, संगीताला कुठे उशीर झाला, याचा वाद उरत नाही. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेची तयारी करणाऱ्या मंडळांनी तर हे करून पाहावेच. नट मंडळींना आधी कल्पना द्या, एवढे मात्र पाळा.

दोन अडचणी आहेत. एस २२ आणि एस २३ अल्ट्राच्या कडा वळलेल्या आहेत, समासात लिहिताना टोक घसरते. एस २४ पासून पडदा सपाट झाला, संहितेसाठी तो बरा. दुसरी अडचण देवनागरीची. छोट्या पानावर शिरोरेघ देत बसलात तर ओळ भरून जाते. पान मोठे करून लिहा आणि खुणांची आपली लघुलिपी ठरवून घ्या. छापील अक्षर हवे असेल तेव्हा जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीची हस्ताक्षर पाटी निवडा. जोडाक्षर सलग, न थांबता लिहिले तर ती पुष्कळदा बरोबर ओळखते. प्रत्येक प्रयोगानंतर पीडीएफ बाहेर काढून दुसरीकडे ठेवा. फोन बिघडला तर खुणांसकट संहिता जाईल.

मडगावची विद्यार्थिनी : जुना एस २३ अल्ट्रा घ्यावा की पैसे साठवून एस २५ अल्ट्रा?

एस २३ ला सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत मिळायचे आहेत. एस २४ आणि एस २५ ला सात-सात वर्षांचा शब्द आहे. वर्गातल्या नोट्ससाठी मी जुना एस २४ अल्ट्रा शोधेन : सपाट पडदा, २०३१ पर्यंत अपडेट, आणि पेनमध्ये ब्लूटूथ. ते एस २५ मध्ये काढून टाकले, त्यामुळे फोन लांब ठेवून पेनचे बटण दाबून फोटो काढणे त्यात जमत नाही. लिहिण्यात मात्र फरक नाही. जुना फोन घेताना पेन बाहेर काढून वरच्या त्या रेघांची चाचणी विक्रेत्यासमोरच करा, आणि सोबतचे पेन अस्सल आहे ना तेही बघा.

म्हापशाचे एक वाचक, औषधांची डिलिव्हरी करतात : दोन वर्षांत बॅटरी दुपारीच संपू लागली. फोन स्कूटरच्या होल्डरवर असतो.

दोष बहुतेक उन्हाचा. मे महिन्यात होल्डरवर थेट ऊन, त्यात नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळ आणि वर चार्जिंग. लिथियम बॅटरी याच चौकडीने लवकर म्हातारी होते. नकाशाला आवाजावर चालू द्या आणि फोन खिशात ठेवा. होल्डर हवाच असेल तर सावलीची टोपी लावा आणि चालत्या गाडीवर चार्ज करू नका. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, ती घरी रात्रभर लावताना वापरा.

होल्डरबद्दल आणखी एक. कॅमेऱ्यातल्या हलत्या भिंगांना गाडीची कंपने मानवत नाहीत. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या फोनांबाबत मोटरसायकलसाठी तसा इशारा दिला होता, आणि तशीच हलती भिंगे तुमच्या फोनमध्येही आहेत. कंपन शोषणारा होल्डर घ्या. बॅटरी मात्र बदलावीच लागेल असे दिसते. पाच हजार मिलीअँपिअर-अवरचा हा सेल अधिकृत केंद्रातच बदलून घ्या, कारण पाठ उघडल्यावर पाणी अडवणारा गोंद पुन्हा नीट लावला नाही तर पुढचा पावसाळा फोनला जड जाईल.